न्यूरो-ऑन्कोलॉजी फेलोशिप: पाचपैकी चार तारे

रेटिंग आधीच सांगून टाकते: चार तारे. पाचवा कुठे गळला ते पुढे येईल.

मी सोलापूरची, एमबीबीएसही तिथलंच. न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी ओहायोत केली आणि मग अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्याच एका विद्यापीठ रुग्णालयात न्यूरो-ऑन्कोलॉजीची, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कॅन्सरची, दोन वर्षांची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं खास प्रशिक्षण). रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझी शिफारसपत्रं लिहितात. कॉलेजच्या ग्रुपवरची ज्युनियर मुलं ‘मॅम, कुठे अप्लाय करू?’ विचारतात तेव्हा त्यांची अमेरिकेतल्या नावाजलेल्या केंद्रांची यादी तयारच असते: स्लोन केटरिंग, एमडी अँडरसन, ड्यूक, यूसीएसएफ, डाना-फार्बर. यादीत चूक काहीच नाही. पण ती पेशंटच्या नातेवाइकाच्या कामाची. फेलोला आणखी बरंच काही बघावं लागतं.

कागदपत्रांचा भाग पटकन उरकते. या फेलोशिपला मान्यता देते ती यूसीएनएस ही न्यूरॉलॉजीच्या उपशाखांची संस्था, रेसिडेन्सीला मान्यता देणारी एसीजीएमई नव्हे. त्यामुळे व्हिसावाल्यांनी पहिला ई-मेल प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला टाकावा: जे-1 (प्रशिक्षणाचा व्हिसा) की एच-1बी (नोकरीचा), आणि याआधी कुणाचा केलाय का? एच-1बीला स्टेप 3 (अमेरिकन डॉक्टरी परवान्याची शेवटची परीक्षा) पास लागते. जे-1 घेतलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट. ती देणाऱ्या कॉनराड योजनेत दर राज्याला वर्षाला 30 जागा, त्याही मुख्यतः डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांसाठी. ब्रेन ट्यूमरच्या नोकऱ्या मात्र मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत. हे गणित आधी मांडा, ग्लायोब्लास्टोमावरचा (मेंदूचा जहाल कॅन्सर) भावपूर्ण निबंध नंतर लिहा.

मुलाखतीत मी सगळीकडे तेच प्रश्न विचारत गेले. पहिला: मेंदूच्या लिम्फोमाला (हा एक कॅन्सर) हाय-डोस मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध) तुमच्याकडे कोण देतं? साधा वाटतो, पण याच्या उत्तरात सगळं कळतं. पेशंट भरती करायचा, लघवीचा पीएच बघायचा, ल्युकोव्होरिन (त्याचा उतारा) वेळेवर सुरू करायचं, रक्तातली पातळी उतरेपर्यंत क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाच्या आकड्यावर) डोळा ठेवायचा. हे फेलोच्या हातून होत असेल तर केमोची भीती जाते. काही ठिकाणी हे सगळं हिमॅटॉलॉजीवाले (रक्तविकार विभाग) करतात आणि न्यूरोचा फेलो फक्त ‘मानसिक स्थिती ठीक’ लिहून येतो. एका नावाजलेल्या ठिकाणी अटेंडिंगने (वरिष्ठ डॉक्टरने) हे इतक्या अभिमानाने सांगितलं, की मी मनातल्या मनात त्यांच्यावर तिथेच काट मारली.

दुसरा प्रश्न एमआरआयचा. ग्लायोब्लास्टोमाला रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) एकत्र देण्याची पद्धत 2005च्या स्टुप यांच्या अभ्यासापासून रुळली. 30 बैठकांत 60 ग्रे (रेडिएशनचं माप), आणि मीडियन आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट जितकं जगतात ते, 12.1 महिन्यांवरून 14.6 वर. रेडिएशन संपल्यावरच्या पहिल्या एमआरआयमध्ये डाग वाढलेला दिसतो, आणि तो ट्यूमर असेल की उपचाराची सूज, हे त्या दिवशी देवालाच ठाऊक. पहिल्या 12 आठवड्यांत ही फसवणूक फार होते, ट्यूमरमधलं एमजीएमटी जनुक मिथायलेटेड (रासायनिकरीत्या बंद) असेल तर जास्तच. म्हणून मी विचारायचे, ‘अशा पेशंटचं तुम्ही काय करता?’ आणि उत्तरापेक्षा उत्तर कोण देतंय ते बघायचे. आमच्या ट्यूमर बोर्डात (सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) न्यूरोरेडिओलॉजिस्ट बाई स्वतः हजर असायच्या, परफ्यूजनचे (रक्तप्रवाहाचे) आकडे पडद्यावर टाकायच्या आणि सर्जनशी तोंडावर वाद घालायच्या. त्या खोलीत बसून जे शिकले ते पेपर वाचून आलं नसतं. चारपैकी दोन तारे त्या खोलीचे.

तिसरा प्रश्न मला आधी सुचलाही नव्हता, एका सीनियर फेलोने कानात सांगितला. 2021पासून अमेरिकेत नियमच असा, की तपासणीचा रिपोर्ट तयार झाला की अडवून न ठेवता पेशंटला पोर्टलवर दिसला पाहिजे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ‘प्रोग्रेशन’ (आजार वाढला) हा शब्द पेशंट आपल्या आधी वाचतो. फोन कोण करतं? ‘फेलो करतो, अटेंडिंग लाइनवर असतात’ हे चांगलं उत्तर. ‘नर्स मेसेज टाकते’ हे वाईट. आमच्याकडे पहिलं होतं. डेक्सामेथासोन (सुजेवरचं स्टेरॉइड) कसं उतरवायचं, लेव्हेटिरासिटॅममुळे (फिट्सचं औषध) नवरा घरात सगळ्यांवर खेकसतोय म्हणणाऱ्या बायकोला काय सांगायचं, हे सगळं त्या फोनांवर शिकले. तिसरा तारा त्याचा.

चौथा तारा कन्सल्टचा, म्हणजे इतर विभाग बोलावतात त्या पेशंटचा. न्यूरो-ऑन्कोलॉजी म्हणजे ग्लायोमा (मेंदूतच उगवणारे ट्यूमर), असं समजून येणाऱ्यांना निम्मा विषय दिसतच नाही. स्तनाच्या कॅन्सरची पेशंट, पाठीत कळ आणि पायातली शक्ती जाते आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणात उतरलेला. कार-टी (पेशंटच्याच बदललेल्या प्रतिकारपेशींचा उपचार) दिल्यावर चौथ्या दिवशी सही करता येईना. स्लोन केटरिंगचं मोठेपण मला इथे वाटतं. कॅन्सर अंगात कुठेही असो, तो मज्जासंस्थेला कसा गाठतो, या अभ्यासाचा पाया जेरोम पोस्नर यांनी तिथे घातला. उलट बेथेस्डाला एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) क्लिनिकल सेंटरमध्ये देशभरातून चाचण्यांसाठी पेशंट येतात, उपचाराचे पैसे घेत नाहीत, पण तिथे इमर्जन्सी विभागच नाही. ज्याला ट्रायल कशी रचतात ते शिकायचंय त्याच्यासाठी सोनं. मला मध्यरात्रीचा कॉर्ड कॉम्प्रेशन (ट्यूमरने मज्जारज्जू दाबलेला पेशंट) हवा होता. (आई विचारते, ‘कुणाला हवा असतो असला प्रकार?’)

आता गळलेला तारा. दुसरं वर्ष संशोधनाचं, असं ऑफर लेटरमध्ये लिहिलं होतं. प्रत्यक्षात एक अटेंडिंग नोकरी सोडून गेले आणि त्यांचं क्लिनिक हळूहळू माझ्या आठवड्यात शिरलं. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण, मग ‘जरा तेवढं बघशील का’. आयडीएच-म्युटंट (आयडीएच जनुकात बदल झालेल्या) ट्यूमरवरचा माझा प्रकल्प रखडला. त्याच काळात याच ट्यूमरवरच्या व्होरासिडेनिब या औषधाला एफडीएची मंजुरी आली (ऑगस्ट 2024), सगळ्या क्षेत्राचं लक्ष तिकडे, आणि मी औषधांच्या रिफिलवर सह्या करत बसलेली. म्हणून सध्याच्या फेलोला अटेंडिंगांच्या माघारी गाठून विचारा: गेल्या मंगळवारी दुपारी तू कुठे होतास? ‘रिसर्च टाइम मिळतो का’ विचारलंत तर सगळेच हो म्हणतात.

परत जायचा विचार असेल त्यांना एक वेगळं सांगते. आपल्याकडे ब्रेन ट्यूमरचा पेशंट ऑपरेशननंतर बहुधा रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टसमोर बसतो, टेमोझोलोमाइडची चिठ्ठीही अनेकदा तेच लिहितात. टाटाला परळमध्ये किंवा खारघरला या लोकांच्या शेजारी काम करायचं तर त्यांची भाषा यायला हवी. मी रेडिएशन विभागात इलेक्टिव्ह मागून घेतलं आणि काँटूरिंगच्या (रेडिएशनची हद्द आखायच्या) स्क्रीनसमोर बसले, हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) वाचवायला किती मिलिमीटर सोडायचे यावरून चाललेली भांडणं ऐकली. ही मागणी मुलाखतीतच करा आणि ई-मेलवर लिहून घ्या. सही झाल्यावर वेळापत्रक बदलायला कुणी तयार नसतं.