पोकलेन-रोलर हलवायला ट्रेलरवाले: सोलापुरातला वापरानंतरचा अनुभव

अक्कलकोट रोड, मोहोळ, बार्शी अशा साइटवर वीस टनी पोकलेन आणि अकरा टनी रोलर पाठवायला आता ट्रेलरवालेच लावतो. मातीच्या भरावावरून दहाचाकी ट्रकमध्ये मशीन चढवणं बंद. भाडं जास्त पडतं, तरी पुढेही हेच. पोकलेन चेनवर चालवत नेली तर ताशी पाचेक किलोमीटर, आणि लांब पल्ल्यात चेनखालची चाकं (रोलर, आयडलर) तापून सील जातात.

कामाचा ट्रेलरवाला फोनवरच कळतो. दर सांगण्याआधी मॉडेल, बकेट लावलीय की ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा), वाटेतले रेल्वे पूल आणि शेवटचा कच्चा रस्ता, एवढं विचारतोच. "लोकेशन टाका, बघू" म्हणणारा स्वस्त पडतो आणि नको तो ट्रेलर पाठवतो. लो-बेड (जमिनीलगत बेडचा ट्रेलर) की सेमी लो-बेड (त्याहून उंच बेडचा), इथेच सगळं अडतं. बूम (पुढचा लांब हात) दुमडलेलं मशीन साधारण तीन मीटर उंच, बेडचा एक मीटर धरा, झाले चार. रेल्वेपुलाखालून जायचं तर लो-बेडच बरा. पण उजनी कालव्यावरचा उंचवट्याचा पूल ओलांडायचा असेल तर त्याचं पोट टेकतं. तिथे सेमीच मागवा.

चढवण्याआधी चेनमधला चिखल फावड्याने काढून घ्या. लोखंडावर ओली माती म्हणजे साबणच. पोकलेन रॅम्पवर घेताना ट्रॅव्हल मोटर (चेन फिरवणारी) मागच्या बाजूला हवी. वर गेल्यावर बकेट बेडवर लाकडी गुटक्यावर टेकवून स्विंग लॉक करायचा, म्हणजे वरचा भाग फिरत नाही. रोलरचा गुळगुळीत ड्रम दवाने ओल्या रॅम्पवर हमखास घसरतो, म्हणून खाली लाकडी फळ्या. मधल्या सांध्याची लॉक पिन स्वतः हात लावून बघावी, क्लीनरच्या "हो"वर जाऊ नये. बांधायला चारही कोपऱ्यांना साखळ्या. नुसते पट्टे चेनच्या कडेला घासून तुटतात. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला साखळ्या सैल पडतातच, कारण मशीन गुटक्यांवर बसतं. तिथे गाडी थांबवून परत ताणणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

कागदांत घोळ होतो तो ई-वे बिलाचा (माल हलवायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). मशीन स्वतःचंच असलं तरी डिलिव्हरी चलन लागतं. बिलाची मुदत साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळते, ओडीसीला (मापाबाहेरच्या मालाला) 20 किलोमीटरला एक. बहुतेक वीस टनी पोकलेन 2.8 मीटर रुंद, आणि गाडीची कायद्याने रुंदी 2.6, त्यामुळे बिलात साधा माल की ओडीसी हा पर्याय नीट निवडून मुदत मोजा, ओडीसीची परवानगीही कोण काढणार ते आधी ठरवा. मशीनच्या पॉलिसीत वाहतूक बहुधा धरलेली नसते, धरलीय का ते एजंटकडून लेखी घ्या.

आषाढी वारीत पंढरपूरकडच्या रस्त्यांवर जड गाड्या वळवतात, तेव्हा त्या बाजूची हलवाहलव पुढे-मागे करावी. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रेलर घालूच नये. डांबरी रस्त्याच्या कडेला उतरवा, चेनखाली जुने टायर टाकले की रस्ताही उखडत नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो हॉल्टिंगसाठी (गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं): एका ट्रेलरवाल्याने गाडी साइटवर पोहोचायच्या आधीपासूनच तास मोजले. आता बिल्टीवरच (वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घेतो: तास साइटवर पोहोचल्यापासून, पहिले चार फुकट, पुढचा दर अमुक.