हॉकीच्या रिंकवरचं कर्लिंग, अख्खा सीझन खेळून झाल्यावर

माझ्या बहिणीच्या मुलाला मिशिगनला नोकरी लागलीय, काल त्यानं फोनवर विचारलं, "मावशी, तू जायचीस त्या कर्लिंग क्लबात नाव घालू का?" मी पटकन हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर वाटलं की अर्धंच सांगितलं, म्हणून हे सगळं लिहिते, तिकडं राहणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी सांगलीची, शाळेतून रिटायर झालेली, ऑक्टोबर ते मार्च लेकीकडं होते आणि दर रविवारी रात्री नऊला खेळले. कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवत पलीकडच्या गोलाच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा खेळ. चौघं चौघं, दर डावाला (त्याला एंड म्हणतात) प्रत्येकाला दोन दगड, ऑलिंपिकमध्ये बघितलं असेल, जास्त सांगत बसत नाही.

आधी बर्फाचं सांगते. या क्लबाचा स्वतःचा बर्फ नाही, बर्फावरच्या हॉकीचा रिंक तासावर भाड्यानं घेतात. आणि हॉकीला बर्फ लागतो आरशासारखा गुळगुळीत, कर्लिंगला नेमका उलटा. कर्लिंगचा दगड 17 ते 20 किलोचा, पण त्याचा तळ खोलगट असतो, खाली टेकते ती फक्त काही मिलिमीटर रुंदीची एक कड, आणि ती कड चालते बर्फावर शिंपडलेल्या थेंबांच्या डोक्यावरून. त्याला पेबल म्हणतात. पेबल नसेल तर तुम्ही कितीही जोर लावा, दगड मधेच बसतो. म्हणजे हॉकीवाली पोरं बाहेर पडली की झांबोनी (बर्फ सारखा करणारी गाडी) फिरणार, तिनं सोडलेलं गरम पाणी गोठायची वाट बघायची, मग पेबल मारायचं, मग त्या थेंबांची टोकं पात्यानं छाटायची, पाय रोवायचे रबरी हॅक बसवायचे, फ्रीजरमधून दगड काढायचे (दगड गार नसेल तर पेबल वितळवतो, म्हणून फ्रीजर). मी घड्याळ लावून बघितलंय, दोन तासांचं बुकिंग आणि पहिला दगड सुटायला पस्तीस-चाळीस मिनिटं. आठ एंडचा गेम ठरलेला असायचा आणि सहावर हात मिळवून घरी, दोनदा तर पाचच झाले. पैसे मात्र पूर्ण दोन तासांचे. फी लेकीनं भरली होती, तरी मला ती चाळीस मिनिटं दर रविवारी टोचायची. आपल्याकडं तालमीतल्या तांबड्या मातीच्या हौद्यात कुणी दुपारी व्हॉलीबॉल खेळू देईल का, आणि संध्याकाळी पैलवानांना म्हणेल का की आता उकरून घ्या आणि लढा?

बरं एवढं करूनही बर्फ सपाट नसतो. आमच्याकडं तीन नंबरची शीट (खेळायचा लांब पट्टा) कठड्याला लागून, तिथं दगड 'पडतो', म्हणजे उताराकडं ओढला जातो. घरी करून बघा, स्टीलचा पेला उपडा घालून गुळगुळीत ओट्यावर घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत ढकला, तो डावीकडं जातो. कर्लिंगचा दगड तसाच फिरवला तर उजवीकडं वळतो, असं का होतं यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चाललेत. नोव्हेंबरात आमचा शेवटचा दगड होता, माझ्या हातात, बरोबर फिरवून सोडला, स्किप (टीमचा कॅप्टन) ओरडतोय, दोघं जीव तोडून झाडू घासतायत, आणि दगड उजवीकडं वळायचा तो सरळ डावीकडं उतारानं कठड्याकडं निघून गेला. झाडू मारून दगड लांब जातो, सरळ राहतो, पण उताराला झाडू काय करणार. त्या रात्री मी लेकीला सांगितलं, जानेवारीपासूनचे पैसे भरू नकोस.

तिनं त्यावर मला दीड तास लांबच्या, स्वतःचा बर्फ असलेल्या क्लबात एक दिवस नेलं. बर्फ कसला होता तो! दगड हळूच सोडायचा आणि तो चालतच राहतो, एका हॉग लाइनपासून (दोन्ही टोकांकडं अशी एकेक आडवी रेघ असते) दुसरीपर्यंत चौदा सेकंद घेतो, आमच्याकडं अकरा. ऐकायला उलटं वाटतं, पण आमचा बर्फ जड, म्हणून जोरात ढकलावा लागतो, म्हणून वेळ कमी. मी ठरवूनच परत आले की रिंकवरच्या कर्लिंगला काही अर्थ नाही, आणि इथपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते.

जानेवारीचे पैसे मात्र लेकीनं तोवर भरलेले होते. एका रविवारी पेबल मारणारे काका आजारी पडले. पाठीवर पाण्याचा डबा, हातात नळी, नळीच्या तोंडाला बारीक भोकांची तोटी. मी बघितलं आणि म्हटलं, द्या इकडं. तासगावला वडलांच्या द्राक्षबागेत मी कॉलेजात असताना पाठीवरचा पंप मारलाय, डावी-उजवी हात फिरवायचा, पाय एकाच चालीत, कुठं थांबायचं नाही, थांबलं की तिथं जास्त पडतं. इथं फक्त मागं मागं चालायचं, आपल्याच थेंबांवर पाय पडू नये म्हणून. पाणी गरम घेतात म्हणजे थेंब बर्फाला धरून बसतो, आणि क्षार काढलेलं घेतात. बागेत फवारणीच्या पाण्याचा क्षार बघतात तसंच हे, मला कुणी समजवावं लागलं नाही. त्या दिवशी एक नंबरच्या शीटवर दगड साडेबारा सेकंद चालला. समोरच्या टीमचा स्किप मुद्दाम येऊन म्हणाला, आजचा बर्फ चांगला होता. घरी येऊन मी बहिणीला फोन केला, सांगलीत तेव्हा सोमवारची सकाळ होती.

मग मार्चपर्यंत डबा माझ्याकडंच. ती चाळीस मिनिटं मग मला टोचली नाहीत, पण ती खेळाच्या वेळातनं कापली जातात हे चूकच, यावर माझं मत तसंच आहे. रिंकवाल्यांनी तेवढा वेळ वेगळा धरावा, क्लबानं भांडून घ्यावा, मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले.

बाकी पटापट. माणसं चांगली. रेफरी नसतो, आपला फाऊल आपणच सांगायचा, आणि गेम झाल्यावर जिंकलेली टीम हरलेल्यांना प्यायला देते, मला कॉफी. गुडघे वाकत नसतील तर काठीनं उभ्यानं दगड ढकलता येतो, मी सगळा सीझन काठीनंच खेळले.

भाच्या, नाव घाल. पण फी भरायच्या आधी विचार की आपल्या वेळेच्या आधी हॉकी आहे का आणि पेबलचा वेळ कुणाच्या खात्यात. शूज लगेच घेऊ नकोस, क्लबात बुटावर चढवायचा स्लायडर (घसरता तळ) मिळतो, तो पुरतो. अर्धा तास आधी जा आणि डबा मागून घे, आजोबांच्या बागेत तूही पंप मारलायस. आणि तीन नंबरची शीट मिळाली तर पहिले दोन दगड फक्त उतार कुठं आहे ते बघायला सोड.