मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा बनावट कागद: माझ्या काकांना असं लुबाडलं

आमच्या घराण्यातले एक जण बंडाच्या आसपास गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेले, एवढंच घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले. त्यांचा माग काढून देतो म्हणून एका माणसाने काकांकडून 45,000 रुपये उकळले. कुणी असा शोध घेत असाल तर हे वाचाच.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी शोधाचे, मग तिकडच्या दप्तराची फी, मग शिक्क्याचे. दर वेळी फोनवर एकच: "काका, माणूस सापडलाय, फक्त कागद सोडवून घ्यायचाय." काका पंचाहत्तरीचे. डोळे मिटायच्या आत त्या माणसाचा ठावठिकाणा कळावा एवढीच त्यांची इच्छा, आणि त्याने नेमकं तेच हेरलं.

शेवटी दोन कागद आले. एक जहाजाच्या यादीचा उतारा: ॲटलस जहाज, मुंबई बंदर, 1834. खाली नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं टाईप केलेल्या देवनागरीत. दुसरं 1881 च्या जनगणनेतलं आमच्या वाडीचं पान, घरातल्या माणसांच्या नावांसकट.

दोन्ही खोटे. ॲटलस 2 नोव्हेंबर 1834 ला पोर्ट लुईला लागलं ते कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन. आणि बंड तर 1857 चं! पहिलं, नावाजलेलं जहाज म्हणून ते चिकटवून दिलं. आपला माणूस पहिल्या तुकडीत होता म्हटल्यावर घरच्यांची छाती फुगतेच. जनगणनेचं म्हणाल तर 1881 चे छापील तक्ते मिळतात, पण घरोघरचे कागद आपल्याकडे जपलेच गेले नाहीत. इंग्लंडमधली त्याच सालची घरवार पानं मिळतात, त्यामुळे इथलीही मिळतील असं लोकांना सहज पटतं.

खऱ्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे आहेत. तिथे उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाला नंबर मिळायचा. सोबत वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. नाव कारकुनाला ऐकू आलं तसं, रोमन लिपीत. काकांच्या उताऱ्यावर नंबरच नव्हता. मी त्या माणसाला विचारलं तर "तो गोपनीय असतो" म्हणाला, आणि नंतर फोन बंद.

खरा शोध बहुतेक वेळा तिकडून इकडे लागतो: वंशजांच्या घरातले जन्म-लग्नाचे दाखले, त्यांवरून नंबर, नंबरावरून गाव. म्हणून पैसे देण्याआधी नंबर मागा, आणि तो थेट संस्थेकडे पडताळून घ्या. मार्च 2024 मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीसाठीही ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) सोय जाहीर झाली. मूळ गावाचा पुरावा शोधणाऱ्या तिकडच्या मराठी कुटुंबांनीही जपून राहावं.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या एका कुटुंबाकडे तसाच उतारा निघाला. नाव वेगळं, गाव वेगळं, जहाज मात्र ॲटलसच.