बडोद्यातला पेंटॅथलॉनचा वर्ग: सहा महिन्यांनंतर

आम्ही दांडिया बाजारातले. सासऱ्यांचं लहानपण जुम्मादादा व्यायाम मंदिरात गेलं, त्यामुळे पेंटॅथलॉनच्या या वर्गात पोहण्याबरोबर तलवारबाजीही शिकवतात हे कळताच चौकशी त्यांनीच केली. लेक 13 वर्षांची आहे.

शिकवणारे सर स्वतः मॉडर्न पेंटॅथलॉन खेळलेले, म्हणजे तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं असा पाच प्रकारांचा खेळ. मूळचे पोहणारे, तलवार हातात आली ती विशीत. घोडा मात्र कधी परवडलाच नाही, म्हणून घोडेस्वारी नसलेल्या स्पर्धांतच सगळी वर्षं गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या आनिका श्लॉयचा घोडा अडून बसला, त्यानंतर घोडेस्वारी काढायचं ठरलं. पॅरिस 2024 शेवटचं, आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत. "ताई, घोडा गेला तोवर मी छत्तिशीत पोचलो," एवढंच ते म्हणाले आणि मुलांकडे वळले.

खरं कौतुक लेझर रनच्या, म्हणजे धावणं आणि लेझर पिस्तुलाची नेमबाजी एकत्र, त्या शिकवणीचं. 600 मीटर धावत यायचं, 50 सेकंदांच्या आत 10 मीटरवरच्या लक्ष्यावर पाच नेम साधायचे आणि पुन्हा पळायचं. पहिला महिनाभर सरांनी पिस्तूल हातात दिलंच नाही. धावून या, श्वास सोडा, रिकामा हात उचला, समोरच्या खांबावरचा खिळा बघा. मला तेव्हा पैसे वाया चालले असं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात धापा टाकत आलेल्या लेकीने पाचही दिवे हिरवे केले, तेव्हा तो खिळा आठवला.

एपे या तलवारीची लढत इथे एकाच टचची, म्हणजे टोकाच्या एकाच स्पर्शाची, एका मिनिटाची. कुणीच टच केला नाही तर दोघंही हरतात. माझी लेक बुजरी, सारखी मागे सरकायची. सर ओरडले नाहीत, तिच्या टाचेमागे खडूची रेघ मारली, बस.

तक्रार एकच, पण मोठी: 11 मुलांत लेझर पिस्तुलं दोन. अर्धा वेळ रांगेत जातो. तीन महिन्यांची फी आगाऊ घेता, तर तिसरं घ्याच. पोहण्याच्या तलावाचे पैसे वेगळे, तेही आधी विचारून घ्या.

अडथळ्यांच्या तयारीसाठी सरांनी दोरी टांगली आणि सासऱ्यांना बोलावलं. 77 व्या वर्षी बाबांनी चप्पल काढून, मल्लखांबाची दोरी पायाच्या अंगठ्यात कशी धरायची ते मुलांना दाखवलं. आता रविवारी लेकीच्या आधी तेच तयार होऊन बसतात.