फीटल इको : चार महिने पोटात, सहा महिने बाहेर

लेक सहा महिन्यांची झाली, आता लिहायला हरकत नाही. फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी : माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनवर (बाळात काही व्यंग नाही ना, हे बघणारी सोनोग्राफी) "हृदयाचे चार कप्पे नॉर्मल" असं लिहून आलं होतं. खोटं नव्हतं ते. पण फुप्फुसाकडे रक्त नेणारी झडप त्या चार कप्प्यांच्या चित्रात येतच नाही. प्रोब जरा वर सरकवून बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या बघाव्या लागतात. तेवढं तिथं कुणी केलं नाही. ह्यांना लहानपणी झडपेचा त्रास होता, हे ऐकून गायनॅक मॅडमनी फीटल इको लिहून दिला, म्हणून सापडलं.

पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांकडे बाविसाव्या आठवड्यात सोलापुरातच झाला. गरोदरपणातल्या सोनोग्राफीआधी कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म एफ, त्यावर सही केली, टेबलावर झोपले, तर बाळ पाठ वर करून! मणक्याची सावली नेमकी हृदयावर. "चालून या, काहीतरी खा." सात रस्त्यापर्यंत जाऊन आले, तेव्हा कुठं वळलं. डॉक्टरांनी रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंग चालू केला. बाकी सगळीकडे एकसारखा निळा, झडपेपाशी मात्र पिवळे-हिरवे ठिपके खळखळत होते. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला १.६ मीटर. "सौम्य आहे, पण वाढू शकतं."

घरी पहिला प्रश्न : "होल आहे का?" होल नाही, झडप अरुंद आहे, हे सांगून दमले. सासऱ्यांना पटकन कळलं. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातला माणूस! "म्हणजे व्हॉल्व्ह अर्धाच उघडतोय, मागं मोटार ताणतीय." अगदी तसंच. उजव्या कप्प्याची भिंत जाड होत चाललेली.

"सौम्य" शब्दावर मी निवांत झाले, ही माझी चूक. बत्तिसाव्या आठवड्यात वेग २.८. एक स्टार त्यासाठी कापते : एकदा करून भागत नाही, आणि पहिल्या दिवशी पुढचं कुणी सांगू शकत नाही.

बाकीचे चार स्टार बाळंतपणाचे. माहेरी अक्कलकोटला करायचं ठरलेलं ते इकोमुळे पुण्यात केलं, जिथं कॅथलॅब होती, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करायची सोय. जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन या औषधाचं ड्रिप, म्हणजे पोटात असताना हृदयाजवळ असलेली रक्ताची जादाची वाट मिटू नये. तिसऱ्या दिवशी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बलून नेऊन झडप उघडली. रडणं ऐकून कुणालाच शंका आली नसती.

आता झडप उघडते, थोडी गळतेही. सासरे म्हणतात, "गळू दे, पाणी तर येतंय." पुढचा इको दिवाळीनंतर.