आधी इमेज, मग बाकीचं: घरच्या डीव्हीडी वाचवताना वापरलेली सॉफ्टवेअर्स

घरच्या डीव्हीडींचा बॅकअप घ्यायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, याचं माझं उत्तर गेल्या काही महिन्यांत पक्कं झालंय. न वाचता आलेल्या जागा जे लपवत नाही, ते चांगलं. मी बोलतोय ते लग्न, मुंज, बारसं, गॅदरिंग अशा आपल्याच शूटिंगच्या डिस्कबद्दल. बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कना कॉपी प्रोटेक्शन असतं, तो विषय वेगळा.

सुरुवात पैसे देऊन घेतलेल्या एका सॉफ्टवेअरने केली. नाव देत नाही. दिसायला देखणं, एक बटण दाबायचं की काम सुरू. शंभर टक्के झाले, हिरवी खूण आली. फाइल लावून पाहिली तर सप्तपदी अर्ध्यावर आणि लगेच जेवणाच्या पंगती. मधला भाग डिस्कवरून वाचता आला नव्हता, तो गाळून पुढची चित्रफीत जोडून दिली होती आणि त्याबद्दल कुठे एक ओळ नाही. एरर देऊन थांबलं असतं तरी चाललं असतं. असल्या बॅकअपच्या भरवशावर माणूस मूळ डिस्क टाकून देतो, हे मला फार गंभीर वाटतं.

विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं तर निदान फसवणूक होत नाही, पण नुकसान मोठं होतं. डीव्हीडीतला व्हिडिओ एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइल्समध्ये असतो. त्यात एक सेक्टर खराब निघाला की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची पाटी येते आणि ती अख्खी फाइल राहून जाते. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात लहान तुकडा, तो असतो २०४८ बाइटचा. डीव्हीडीची चूकदुरुस्ती १६ सेक्टरच्या गठ्ठ्याने चालते, म्हणजे एक जागा खराब असली तर खरं नुकसान ३२ केबीचं. चित्र तेवढ्यावर थांबत नाही, कारण डीव्हीडीतला व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून ठेवतात त्या एमपीईजी-२ मध्ये १२-१५ फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात. तरी अर्धा सेकंद चित्र फुटणं कुठे आणि एक जीबी जाणं कुठे!

म्हणून मी डीडीरेस्क्यूवर आलो आणि तिथेच थांबलो. लिनक्सवरचं, मोफत, बटणं-चित्रं काही नाहीत, कमांड टाइप करावी लागते. पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन त्यावरूनच संगणक सुरू केला की विंडोजला हात लावावा लागत नाही. उबुंटूत पॅकेजचं नाव मात्र जीडीडीरेस्क्यू आहे, त्यात बरेच जण अडकतात. हे सॉफ्टवेअर डिस्कची जशीच्या तशी आयएसओ इमेज बनवतं. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा बाजूला ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. सेक्टरचा आकार २०४८ सांगायला विसरू नका. पहिल्या फेरीत खरवडायचं काम, म्हणजे अडलेल्या जागा एकेक सेक्टर करून वाचणं, बंद ठेवा, दुसऱ्या फेरीत पुन्हा प्रयत्न करायला सांगा.

याची खरी ताकद मॅप फाइलमध्ये आहे. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. वाचलेल्या प्रत्येक पट्ट्यापुढे अधिकचं चिन्ह, हार मानलेल्यापुढे उणे, अजून हात न लावलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. वीज गेली तरी काम राहिलं तिथून पुढे चालू होतं. त्याहून मोठी सोय म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली की फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हने सोडून दिलेले पट्टे जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने वाचल्याचं मी वारंवार पाहिलं.

मामेबहिणीच्या लग्नाची डिस्क अशीच वाचली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे कार्यक्रमाचा शेवट कडेजवळ येतो आणि बोटं, ओरखडे, ऊन यांचा मार कडेलाच जास्त. मुहूर्त लख्ख दिसत होता, पाठवणी अडकत होती. फोटोग्राफरने दोन प्रती दिल्या होत्या, एक मामाकडे, एक तिच्या सासरी. सासरची प्रत मागवून घेतली. तीही खराबच, पण भलत्याच ठिकाणी. दोन्ही प्रती एकाच मास्टरवरून काढलेल्या असल्याने पहिलीची भोकं दुसरीने भरली आणि मॅप फाइलमध्ये एकही उणे उरलं नाही. तुमच्या घरात अशी खराब डिस्क असेल तर आधी व्याह्यांना फोन करा.

सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. यूएसबी ड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला की कधीकधी वीज कमी पडते, मागे लावा. मऊ कापडाने पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उतरला असेल तर वरून घासून काहीच हाती लागत नाही. कॅमकॉर्डरची डिस्क रिकामी दिसत असेल तर ती बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे इतर ड्राइव्हना वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची राहिली आहे; तो कॅमेरा अजून चालत असेल तर त्यातच घालून फायनलाइज करा. व्हिडिओत काय कुठे आहे हे सांगणारी आयएफओ फाइल खराब असेल तर शेजारची बीयूपी ही तिचीच प्रत असते, तिची कॉपी करून नाव बदललं की काम होतं. आणि इमेज बाहेरच्या डिस्कवर टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं तर ती डिस्क फॅट-३२ आहे. तिथे ४ जीबीची मर्यादा असते आणि भरलेली साधी डीव्हीडी त्याच्या वर जाते. एक्सफॅट करून घ्या, अर्थात आधीचा डेटा दुसरीकडे हलवून.

इमेज हातात आली की मेकएमकेव्ही आणि हँडब्रेक. मेकएमकेव्ही व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस न करता एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतं, दर्जा तसूभर कमी होत नाही. फक्त १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल (डिस्कवरचा स्वतंत्र व्हिडिओ) ते मुळातच सोडून देतं. कॅमकॉर्डरच्या डिस्कवर लहान-लहान क्लिपाच असतात, तेव्हा सेटिंगमध्ये तो आकडा खाली आणा.

फोनवर पाठवायची फाइल हवी तर हँडब्रेक. आपल्याकडचं शूटिंग पाल पद्धतीचं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम आणि बहुतेक वेळा इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या एकाआड एक ओळी. ते तसंच बदललं तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दात फुटल्यासारखं दिसतं. या ओळी सुट्या करणाऱ्या डीइंटरलेस सेटिंगमध्ये बॉब निवडून फ्रेम रेट ५० केला की हालचाल जिवंत राहते. गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ ते २२ मध्ये ठेवावा, मी २० वर समाधानी आहे.

व्हीसीडीला यातलं काही लागू होत नाही. डिस्कवर एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डीएटी फाइल असेल तर ती व्हीसीडी. तिथे व्हिडिओचे सेक्टर २३२४ बाइटचे असतात आणि त्यांना डीव्हीडीसारखं चूकदुरुस्तीचं कवच नसतं, म्हणून डीडीरेस्क्यूची २०४८ची मोजणी चालत नाही. त्यासाठी विंडोजवर आयसोबस्टर किंवा लिनक्सवर व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा. आणि घरात दोन्ही प्रकारच्या डिस्क असतील तर व्हीसीडी आधी घ्या.