सेडमचे मिश्र बियाणे: उगवण चांगली, पाकिटावरील सूचना चुकीच्या

जमिनीलगत पसरणाऱ्या मांसल पानांच्या वनस्पतींमध्ये सेडमला वरचे स्थान आहे. उथळ माती, दगडांच्या फटी आणि पाण्याची टंचाई या सगळ्यांत ते तग धरते, आणि त्याच्या पसरणाऱ्या बहुतेक जाती वीतभरही उंच होत नाहीत. अशा काही जातींचे मिश्र बियाणे असलेले पाकीट पेरून पाहिल्यानंतरचे हे मत आहे.

पाकीट फोडल्यावर आत काही आहे की नाही अशी शंका यावी, इतके हे बी बारीक असते. चिमटीने ते पेरता येत नाही, कारण निम्मे बोटांनाच चिकटून राहते. त्यामुळे कोरड्या वाळूत मिसळून ते ट्रेवर भुरभुरणे उत्तम. याचा पाकिटावर उल्लेख नाही. उलट पेरणीनंतर मातीचा थर द्यावा, असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. सेडमच्या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो, शिवाय एवढ्याशा बीमध्ये माती भेदून वर येण्याइतका अन्नसाठाही नसतो. पडताळणीसाठी अर्ध्या ट्रेवर माती पसरली आणि उरलेल्या अर्ध्यात बी केवळ हलके दाबून उघडे ठेवले. उघड्या भागात हिरवी साय धरली. झाकलेल्या भागात तुरळक रोपे आली.

म्हणजे बी जिवंत आणि ताजे होते, याचे श्रेय उत्पादकाला द्यावेच लागेल. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात एक ते तीन आठवड्यांत उगवण होते, मात्र मिश्रणातील सर्व जाती एकाच वेळी वर येत नाहीत, म्हणून ट्रे घाईने रिकामा करू नये. झारीने वरून पाणी घातल्यास बी वाहून कडेला जमते. ट्रे पाणी भरलेल्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. रोपाची पहिली दोन पाने मोहरीएवढी असतात आणि बराच काळ तशीच राहतात. या काळात शेवाळ त्यांच्या पुढे धावते, आणि हवा खेळती नसली तर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. पुनर्लागवड करताना एकेक रोप सुटे करण्याच्या भानगडीत न पडता छोटे पुंजकेच उचलावेत.

पाकिटावरील निळ्या-जांभळ्या फुलांच्या गालिच्याचे चित्र सरळसरळ दिशाभूल करणारे आहे. आतील जातींची नावे कोठेही दिलेली नाहीत. पाने वाढल्यावर दाट, आखूड पानांचे सेडम एकर आणि दंडगोल पानांचे, उन्हात तांबूस होणारे सेडम अल्बम ओळखू आले. पहिल्याची फुले पिवळी, दुसऱ्याची पांढरी. निळसर फुलांचे सेडम सेरुलियम अस्तित्वात आहे, पण ते एकाच हंगामाचे असल्याने त्याचा कायमचा गालिचा होत नाही.

मोठी जागा वेगवेगळ्या पोतांनी भरायची असेल, तर हे पाकीट घ्यावे आणि त्यावरील सूचना बाजूला ठेवाव्यात. लाल पानांचा एखादा ठरावीक वाणच हवा असल्यास मात्र बियांच्या वाटेला जाऊ नये, कारण बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नसते आणि मोडलेली फांदी मातीवर टेकवली तरी ती मुळे धरते.